पेन्सिलीची सही

पेटीवाल्याने अकरा पानी कागदावर सही केली ती कानावरच्या पेन्सिलीने. समोरच्या माणसाने पुढे केलेलं काळं, जाडजूड पेन हवेतच राहिलं.

"पेनने करा ना," तो म्हणाला.

"कच्चं आहे म्हणालात ना?"

"प्राथमिक आहे."

"तेच ते. कच्च्याला पेन्सिल." पेटीवाल्याने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. "लाकडावर पहिली रेघ पेन्सिलीची असते. ती पुसता येते. पुसता येत नाही ती करवतीची."

पेटीवाला चाळीस वर्षं मेलेल्यांसाठी पेट्या करत होता. त्याची नजर अशी बसली होती की माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची उंची, खांद्याची रुंदी आणि झाकणाला लागणारी फळी याच्या डोक्यात तयार असे. त्यामुळे तो कुणाकडे जरा जास्त वेळ बघू लागला की तो माणूस रस्ता ओलांडून पलीकडे जाई. बँकेतला कारकून त्याला बघितल्याबरोबर छातीपुढे फाइल धरी. डॉक्टरांनी तपासलं तरी घरच्यांना धीर येत नसे, ते हळूच विचारत, "पेटीवाल्याने बघितलं का याच्याकडे? काय म्हणाला?"

पण अलीकडे त्याचे गुडघे गेले होते. दुसऱ्यांना आडवं करता करता आपल्यालाच उभं राहवत नाही, हे बायकोने त्याला पुष्कळदा ऐकवलं होतं. तेवढ्यात ही कंपनी आली. फुलांपासून थडग्याच्या दगडापर्यंत सगळं एकाच छपराखाली देणारी मोठी कंपनी. तिला याचा कारखाना विकत हवा होता. बोलणी करायला जो माणूस येई त्याचे केस चापून बसवलेले, बोलणंही तसंच. बायकोने पहिल्याच दिवशी त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं आणि ते चिकटलं.

"आधी हे सहमतीपत्र," गुळगुळीत म्हणाला होता. "मग वाटाघाटी. मग पक्का करार."

"याने मी बांधला जात नाही ना?"

"पहिल्याच पानावर लिहिलंय, ठळक अक्षरात. 'या पत्रातील तरतुदी उभय पक्षांवर बंधनकारक नाहीत.'"

लिहिलं होतं खरं. पण वाक्य तिथे संपत नव्हतं. तिथे एक स्वल्पविराम होता, आणि उरलेलं वाक्य पान उलटून मागे गेलं होतं. पेटीवाल्याने पान उलटलं नाही. फळीची पारख तो एका टोकावरून करत असे. कागदाचीही त्याने तशीच केली.

चार दिवसांनी बेकरीवाल्याची मावशी वारली. बेकरीवाला हातगाडी घेऊन आला, त्याने देवदाराची साधी पेटी पसंत केली, दोघांनी मिळून ती गाडीवर चढवली. एवढ्यात गुळगुळीतची मोटार दारात थांबली.

"ही कुठे चालली?"

"मावशीकडे," बेकरीवाला म्हणाला.

"नाही जाता यायचं." गुळगुळीतने कागद काढला, पान उलटलं. "बंधनकारक नाहीत, कलम नऊ वगळता. कलम नऊ. वाटाघाटी चालू असेपर्यंत कारखान्यातली कोणतीही पेटी, पूर्ण वा अपूर्ण, तिसऱ्या व्यक्तीला विकायची नाही, द्यायची नाही, उसनी द्यायची नाही."

"उसनी कोण नेतो हो पेटी?" बेकरीवाल्याने विचारलं.

"वकिलांनी सगळ्या शक्यता धरल्यात."

"कच्चं म्हणालात की मला," पेटीवाला म्हणाला.

"बाकीचं कच्चंच आहे. नऊ तेवढं पक्कं. ते मोडलंत तर भरपाईत कारखाना जाईल. तेही नऊमध्येच आहे, खाली."

"म्हणजे मी तिसरी व्यक्ती?" बेकरीवाला अजून तिथेच अडकला होता.

"तुम्ही तिसरे."

"आणि मावशी?"

गुळगुळीतने पुन्हा कागदात बघितलं. "त्याही तिसऱ्याच."

पेटी गाडीवरून उतरली. "वाटाघाटी कधी संपणार?" पेटीवाल्याने विचारलं.

"सुरू झाल्या की," गुळगुळीत म्हणाला, आणि जाताना दारावर एक चौकीदार बसवून गेला.

बेकरीवाल्याला कंपनीची पेटी घ्यावी लागली. ती भुसा दाबून केलेली होती आणि वरून लाकडाचं चित्र असलेला कागद डकवला होता. त्या दिवशी हवा दमट होती. दफनभूमीच्या पायऱ्या उतरताना तिसऱ्या पायरीवर पेटीचा तळ सुटला. मावशी मोठी शिस्तीची बाई. जन्मात कुठल्या रांगेत कुणाच्या पुढे घुसली नव्हती. त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी खाली पोचली.

पेटीवाल्याला हे कळलं तेव्हा तो दोन घास कमी जेवला. मग खिळे-स्क्रूच्या दुकानात गेला, तर तिथे गावातले बाकीचे सहाही पेटी करणारे बाकावर बसलेले. कुणाला काही घ्यायचं नव्हतं. घरी बसून हात शिवशिवत होते म्हणून नुसते खिळे हाताळत होते.

"तू पण?" एकाने विचारलं.

"कलम नऊ," पेटीवाला म्हणाला. "तुझं कधीपासून?"

"पाच महिने झाले. अजून सुरू व्हायच्यात."

म्हणजे कंपनीला कारखाने नकोच होते. कच्च्या कागदावर सात दारं बंद झाली होती आणि भुशाच्या पेट्या खपत होत्या. पेटीवाला घरी आला आणि बायकोला म्हणाला, "आपण वाट बघू." बायको म्हणाली, "कशाची?"

मग मंगळवारी दुपारी उस्तादांची सून आली.

उस्ताद म्हणजे पेटीवाल्याचे गुरू. नव्वदी ओलांडलेले. याच कारखान्यात त्यांनी त्याला रंधा धरायला शिकवलं. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः निवडून अक्रोडाच्या फळ्या बाजूला काढल्या होत्या आणि म्हणाले होते, "या माझ्या. पेटी तू करायची. दुसऱ्या कुणाच्या हातची मला नको." पेटीवाल्याने "हो" म्हटलं होतं. फळ्या वाळल्या, मुरल्या, मधासारख्या झाल्या. पेटी गेल्या वर्षीच तयार होऊन चादरीखाली उभी होती.

"डॉक्टर म्हणतात गुरुवार," सून दारातूनच म्हणाली. "मामंजी म्हणतात, आधी पेटी बघतो, मग गुरुवारचं बघू."

पेटीवाल्याने पेटीवरची चादर सरळ केली.

"त्या भुशाच्या पेटीत घातलंत तर उठून परत येईन म्हणालेत," ती म्हणाली. "आणि दादा, मामंजी बोललेलं करतात. मला तेच नको आहे."

चौकीदाराने दारातून मान वळवून चादरीकडे बघितलं. पेटीवाल्याने त्याच्याकडे बघितलं. पाच फूट चार, खांदा सोळा. चौकीदार घाईने दुसरीकडे बघू लागला.

पेटीवाल्याचा साडू वकील होता. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसत असे आणि बहुतेक कुंपणांची भांडणं लढत असे. त्याच संध्याकाळी तो कारखान्यात आला, अकराही पानं पुढून-मागून वाचली आणि चष्मा पुसला.

"साडूभाऊ, हे पेन्सिलीने का केलंत?"

"कच्चं म्हणाला म्हणून."

"कायद्याला पेन्सिल आणि पेन सारखंच. सही करताना बांधून घ्यायचं तुमच्या मनात होतं का, ते बघतात."

"नव्हतं मनात."

"मनात नव्हतं, पण कागदात होतं. आणि मन काही कोर्टात दाखल करता येत नाही."

"सुटका कशी?" बायकोने विचारलं. ती चहा घेऊन आली होती.

"तीन वाटा आहेत. पक्का करार झाला तर. कंपनीने लिहून सोडलं तर. नाहीतर सही करणारा वारला तर. वारसांशी बोलत बसायला लागू नये म्हणून कंपनीनेच घातलंय ते."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. "नको," ती म्हणाली. "तेही हे अर्धवट करतील."

साडूने बशीत चहा ओतला. "कारखाना तुमच्या नावावर कधी झाला?"

पेटीवाल्याने बोटाने कामाच्या टेबलाखाली दाखवलं. साडू कोट सांभाळत खाली शिरला. बावीस वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तेव्हा उस्तादांनी टेबलाच्या खालच्या अंगाला लिहिलं होतं: 'आजपासून कारखाना याचा. पक्का कागद सवडीने करू.' खाली सही. सगळं पेन्सिलीने.

"आणि सवड?" टेबलाखालून आवाज आला.

"माणसं मरायची थांबली नाहीत. सवड कुठली."

साडू बराच वेळ बाहेर आला नाही. कोटावर भुसा पडत होता आणि तो तिथेच मांडी घालून विचार करत होता. मग म्हणाला, "ऐका नीट. दोन्ही मजकुरांत एकच गोष्ट आहे. आत्ता कच्चं, पुढे पक्कं. असलं लिखाण बांधतं असं धरलं, तर कारखाना तुमचा, आणि गुळगुळीतचं कलमही तुमच्या मानेवर. बांधत नाही असं धरलं, तर त्याचा कागद गेला, कारण दुसऱ्याच्या कारखान्यावर तुम्ही काय सही करणार? पण मग कारखानाही गेला. तो उस्तादांचा."

"मधलं काही?"

"मधे मी बसलोय. दुसऱ्याला जागा नाही."

"कोर्टात?"

"तीन वर्षं. न्यायाधीश चांगला मिळाला तर."

"उस्तादांकडे गुरुवारपर्यंत आहे," पेटीवाला म्हणाला.

त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. गप्प बसावं तर कारखाना राहतो आणि उस्ताद भुशात जातात. बोलावं तर उस्ताद अक्रोडात जातात आणि आपण साठीनंतर दुसऱ्याच्या दारात रंधा मागायला. सकाळी त्याने टोपी घातली, साडूला बरोबर घेतलं आणि उस्तादांकडे गेला. बायकोने "काय ठरवलंत?" असं विचारलं नाही. नवऱ्याने टोपी सरळ घातली की काहीतरी आपल्या पदरचं जाणार, एवढं तिला ठाऊक होतं.

उस्ताद खिडकीशी पडले होते. चादरीखाली माणूस आहे की चादरीचीच घडी आहे, कळत नव्हतं. पेटीवाल्याने सगळं सांगितलं. सही, बेकरीवाल्याची मावशी, टेबलाखालचं लिखाण. "तुम्हीच मालक आहात असं मी लिहून देतो," तो म्हणाला. "पेटी तुमची तुम्हाला मिळेल."

उस्ताद हसले. हसण्याचा खोकला झाला, सुनेने त्यांना उचलून बसवलं.

"म्हणजे बावीस वर्षं माझ्याच कारखान्यात तू रंधा उलटा मारत होतास," ते म्हणाले, "आणि मी पाहुण्यासारखा गप्प बसलो."

"उलटा नाही मारत."

"मारतोस. बरं, त्या गुळगुळीताला नुसतं तुझं लिहिलेलं चालेल?"

साडूने मान हलवली. "तो म्हणेल कोर्टात सिद्ध करा. पण त्याला महिनाअखेर सातही सह्या वर दाखवायच्या आहेत. मालक म्हणून तुम्ही त्याच कागदावर सही केलीत, तर साडूभाऊंचा कागद तो आनंदाने फाडेल."

"त्यात ते तिसऱ्या माणसाचं कलम राहील?"

"राहील."

"पण मग मी तिसरा नाही. मी सही करणारा."

"हो."

"आणि तुझी ती तिसरी वाट. सही करणारा वारला तर." उस्तादांनी खिडकीबाहेर बघितलं. "ती माझ्या ओळखीची आहे. बहुतेक चालून झालीये. आण त्याला."

सुनेने मामंजींच्या गालांना थोडा रंग लावला, पाठीशी तीन उशा दिल्या. गुळगुळीत दुपारी आला.

"आजोबा, तब्येत कशी आहे?"

"या वयात तब्येत नसते. सवय असते."

गुळगुळीतने पेन पुढे केलं. उस्तादांनी ते बाजूला सारून उशीखालून पेन्सिलीचं थोटूक काढलं. "कच्चं आहे ना?" त्यांनी विचारलं. गुळगुळीत पेटीवाल्याकडे बघून हसला. गेल्या वेळी पेन्सिलीने त्याचं काही बिघडलं नव्हतं. सही झाली. जुना कागद फाटला. तो गेल्यावर साडूने दुसरा कागद काढला. त्यावर उस्तादांनी शाईच्या पेनने मृत्युपत्र केलं: कारखाना पेटीवाल्याला. सुनेने साक्षीदार बोलावले. "घ्या हो दादा तुम्हीच," ती म्हणाली. "जन्मभर या घरात भुसा झाडलाय मी."

पेटी उस्तादांच्या घरी आली. चौकीदाराला अडवता आलं नाही. उस्ताद पलंगावरून तिच्याकडे टक लावून बघत राहिले, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता मी मोकळा."

गुरुवार आला. गुरुवार गेला.

शुक्रवारी उस्तादांनी सूप मागितलं. ते आयुष्यभर मापात काम करत आलेले. आता एवढं मोठं काम आपल्यावर सोपवलंय म्हटल्यावर त्यांच्या अंगात हुशारीच आली. शनिवारी त्यांनी पेटीत झोपून बघितलं आणि डावा खांदा आवळतो म्हणाले. पेटीवाल्याने तिथेच बसून खांदा तासला. सोमवारी म्हणाले, उजवा.

त्याच सोमवारी कंपनीच्या वकिलाने स्वतःचाच कागद शेवटपर्यंत वाचला. मंगळवारी सकाळी उस्तादांच्या दारात कंपनीची गाडी आली. तिच्यात हृदयाचे डॉक्टर, एक नर्स, प्राणवायूची टाकी आणि फळांची करंडी.

"आजोबांना काही होता कामा नये," गुळगुळीत कपाळ पुसत म्हणाला. मेलेल्यांवर चालणारी ती कंपनी एका माणसाला जिवंत ठेवण्यासाठी जिवाचं रान करू लागली. रोज दोनदा रक्तदाब. सकाळी संत्र्याचा रस. खिडकीतून वारा येतो म्हणून नवी काच. उस्तादांच्या गालांवर आता सुनेला रंग लावावा लागेना.

"इतकं तर माझ्या मुलानेही केलं नसतं," उस्ताद म्हणत. "पोरगा चांगला आहे रे तो गुळगुळीत. केस तेवढे विचित्र."

पेटीवाला रोज येऊन पलंगाशी बसे. कारखाना बंदच होता. गावात भुशाच्या आणखी चार पेट्या जमिनीत गेल्या होत्या. घरी गेला की बायको विचारी, "कसे आहेत?" आणि तो खाली मान घालून म्हणे, "बरे आहेत." ती रोज सूप पाठवत असे. एक दिवस तिने त्यात पाणी जास्त घातलं. मग स्वतःच ते ओतून टाकलं, दुसरं दाट केलं.

पेटीवाल्याचंही तेच. एकदा उस्ताद झोपले होते आणि हा त्यांच्या छातीकडे बघत मनात अंक मोजत होता. एक श्वास. दुसरा. तिसरा उशिरा आला आणि याच्या मनात काहीतरी हललं. ते काय होतं हे त्याला नीट कळलं आणि आपली लाज वाटली.

"काय मोजतोस?" उस्तादांनी डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही."

"मेहनत घेतोय मी. माझ्याकडून कसूर नाही."

"घाई नाही, उस्ताद."

"आहे. खोटं बोललास की तुझा हात वाकडा चालतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "खांदा छान बसवलास. दोन्ही."

चाळीस वर्षांत त्यांनी छान म्हटलेलं ते पहिलंच. पेटीवाल्याला एकाएकी वाटलं, की कारखाना गेला चुलीत, हा माणूस असाच पडून शिव्या देत राहिला तरी चालेल. त्याने तसं म्हटलं नाही. उशी सरळ केली.

सातव्या आठवड्यात नर्स रस आणायला आत गेली, डॉक्टर गाडीत पेपर वाचत होते, आणि तेवढ्या सवडीत उस्तादांनी काम पुरं केलं. गुरुवारच होता. कुठला गुरुवार ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

पेटीवाल्याने त्यांना स्वतः अक्रोडात ठेवलं. झाकण लावायला उचललं तर आतल्या अंगाला पेन्सिलीची थरथरती अक्षरं होती: 'लांबी अर्धा इंच जास्त.' त्याने मापून बघितलं. होती. त्याने ती अक्षरं तशीच ठेवली आणि झाकण बसवलं. पायऱ्यांवर तळ जागचा हलला नाही. बाकीचे सहाही पेटीवाले आले होते. ते माणसाकडे कमी आणि सांध्यांकडे जास्त बघत होते.

दफनभूमीच्या फाटकाशी गुळगुळीत उभा होता. सात आठवड्यांत त्याची रया गेली होती. संत्री, डॉक्टर, नवी काच, सगळ्याचा जाब त्याला वर द्यायचा होता. त्याने पेटीवाल्याचा हात हातात घेतला, दुःख झाल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून कागद काढला. अकरा पानं.

"आता मालक तुम्हीच," तो म्हणाला. "नव्याने बसू. सही करायला हरकत नाही ना? बांधलं काहीच जात नाही. पेन्सिलीने करा हवं तर."

पेटीवाल्याने कागद घेतला. या वेळी पान उलटलं. शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि गुळगुळीतकडे बघितलं. चापून बसवलेल्या केसांपासून चकचकीत बुटांपर्यंत, सावकाश, मग एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. मग कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि परत दिला.

गुळगुळीतने घडी उलगडली. पाच फूट नऊ. खांदा एकोणीस.

"हे काय आहे?" त्याचा आवाज पहिल्यांदाच खरखरीत आला.

पेटीवाल्याने पेन्सिल कानावर ठेवली.

"घाबरू नका," तो म्हणाला. "प्राथमिक आहे."